शाळा जवळ आहे, वाट मात्र कोणाच्याच खात्यात नाही

माझी लेक सातवीत आहे. शाळा घरापासून चालत बारा-पंधरा मिनिटांवर. एवढ्या अंतरात या वयाच्या मुलीने दप्तर पाठीला अडकवावं, मैत्रिणींशी बडबड करत जावं आणि तसंच परत यावं. पण आमच्या सोसायटीतलं एकही मूल शाळेत चालत जात नाही. कोणी रिक्षात कोंबलेलं, कोणी व्हॅनमध्ये, कोणी स्कूटरवर आई-बाबांच्या मध्ये दाबून बसलेलं. आमची मुलं लाडावलेली आहेत म्हणून हे होत नाही. पालिकेने चालायला वाटच ठेवलेली नाही, म्हणून होतं. आणि याचा मला आता इतका संताप येतो की गप्प बसवत नाही.

"अहो मॅडम, फूटपाथ आहे की तिथे," हे उत्तर ऐकून माझे कान किटले आहेत. आहे ना फूटपाथ. कसा आहे तेही ऐका. गेटमधून बाहेर पडून डावीकडे वळलं की पहिल्या पन्नास पावलांत विजेचा डीपी. झाकण अर्धवट उघडं, आतल्या वायरी दिसतात, आणि त्याने सगळी रुंदी खाल्लेली. म्हणजे खाली रस्त्यावर उतरायचं. उतरायचं म्हणजे उडीच मारायची, कारण कडा माझ्या जवळजवळ गुडघ्याएवढी आहे. पुन्हा वर चढलं की दुकानाबाहेर मांडलेले प्लॅस्टिकचे पाइप आणि सिमेंटची पोती. मग ओळीने बंगल्यांचे रॅम्प. प्रत्येकाने आपली गाडी आत घ्यायला फूटपाथ हवा तसा फोडून उतरता केलेला. मग मांडवाचे खांब, उत्सव कधीच आटोपला तरी तिथेच उभे. मग गटाराच्या चेंबरचं झाकण, फूटपाथपेक्षा चांगलं चार बोटं वर आलेलं. लेक दोनदा ठेचकाळलीय त्याला. आणि मोकळी जागा जिथे शिल्लक आहे तिथे बाइक लावलेल्या. आमच्या सासूबाई तर या फूटपाथवर चढतच नाहीत, सरळ गाड्यांच्या कडेने रस्त्यावरून चालतात. चढणार कशा?

नियम नाहीत असं कोणी म्हणू नका. देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३. २०१२ च्या आवृत्तीत स्वच्छ लिहिलंय की फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे सहा इंच. निवासी भागात चालायला किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी. मोकळी म्हणजे डीपी, खांब, टपरी, कुंड्या हे सगळं वगळून. पालिकेच्या प्रत्येक अभियंत्याला हे माहीत असतं. तरी गुडघ्याएवढे फूटपाथ बांधले जातात आणि कारण काय देतात, तर दुचाकी वर चढू नयेत म्हणून! दुचाकी चढतातच, बंगल्यांच्या रॅम्पवरून आरामात चढतात. अडतात ती लहान मुलं आणि म्हातारी माणसं.

खरा जीव घाबरतो तो चौकात. तिथे फूटपाथ संपतो आणि पुढे काहीच नाही. झेब्रा पट्टे होते, रस्त्याचं काँक्रीट केलं तेव्हा गेले, परत मारलेच नाहीत. सिग्नल आहे, पण चालणाऱ्यांसाठी वेगळा दिवा नाही, आणि डावीकडे वळणारी वाहनं लाल-हिरवं काही बघत नाहीत. दुभाजकात पूर्वी माणूस जाईल एवढी फट होती. वाहतूक सुरळीत व्हावी म्हणून तीही बॅरिकेड लावून बंद केली. आता पलीकडे जायचं तर पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत यायचं. दुपारी शाळा सुटते तेव्हा पाचवी-सहावीची मुलं त्या बॅरिकेडच्या खालून वाकून निघताना मी बघते. एक जण दप्तर आधी पलीकडे सरकवतो, मग स्वतः पोटावर सरकत जातो, आणि त्याच वेळी पलीकडच्या लेनमधून टँकर येत असतो. त्या ड्रायव्हरला हे पोरगं दिसणार तरी कसं?

मी तक्रार केली. फोटो काढून, जागा लिहून, रीतसर. फूटपाथच्या उंचीचं पथ विभागाकडे गेलं, त्यांनी बजेट नाही म्हणून सांगितलं. डीपी हलवायचा तर वीज कंपनीचा अभिप्राय लागतो. पाइप आणि पोती अतिक्रमण विभागाकडे, ते एकदा येऊन गेले, संध्याकाळी सगळं परत जागेवर. बॅरिकेड वाहतूक पोलिसांचं. झेब्रा पट्टे कोणाचे यावर दोन विभागांचं अजून एकमत नाही. चेंबर ड्रेनेजवाल्यांचं. अर्ज "निकाली काढला" असा मेसेज मला आला, जागेवर खडासुद्धा हललेला नव्हता. आणि एका साहेबांनी समोर बसून मला विचारलं, "तुम्ही मुलीला सोडायला जात नाही का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सोडायला जावं म्हणून मी कर भरते का? आणि ज्या बाईला पहाटे चार घरची कामं करायला बाहेर पडावं लागतं, तिने तिच्या पोराला कधी सोडायचं?

शिक्षण हक्काचा कायदा वाचा. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १ किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत. म्हणजे मूल चालत जाणार हे सरकारनेच धरून चाललेलं आहे. अंतर मोजून दिलं. त्या अंतरात मुलाच्या पायाखाली काय असेल, ते रस्ता कुठे ओलांडेल, हे बघणारा एक तरी माणूस नेमला का? नाही. शिक्षण विभागाचं काम शाळेच्या गेटशी संपतं आणि बाहेरचा रस्ता सहा खात्यांत वाटलेला. त्यातल्या एकाही खात्याच्या फायलीवर "मुलांचा शाळेचा रस्ता" असं लिहिलेलं नाही. माझं सगळं भांडण एवढंच आहे.

सायकलचंही तेच. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, ज्यांचं घर शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत आहे, सरकार सायकलसाठी पैसे देतं. चांगली योजना आहे, मनापासून म्हणते. कितीतरी मुलींची शाळा त्या सायकलमुळे सुटली नाही. पण ती मुलगी चालवणार कुठे? राज्य महामार्गाच्या कडेला, उसाच्या ट्रॅक्टरच्या आणि एसटीच्या मधल्या पट्टीत. सायकल हातात दिली आणि पुढे तुझं तू बघ!

शहरांत तर आराखडेच आराखडे. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, ८०० किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा. एके काळी सायकलींचं शहर म्हणून नाव असलेलं हे गाव. त्याच्याही आधी बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी लेन काढली त्या काळात सातारा रस्त्यावर सायकल ट्रॅक झाले होते. आज जाऊन बघा त्यांवर काय उभं असतं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ट्रॅक केला, त्यावर गाड्या लागल्या, आणि गाड्या हटवायच्या सोडून शेवटी ट्रॅकच काढून वाहनांना वाढीव लेन द्यायचं ठरलं. २०२६ च्या जानेवारीत पुण्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तिच्यासाठी शहर आणि जिल्ह्यातले रस्ते डांबर ओतून गुळगुळीत केले. म्हणजे पैसा आहे, यंत्रणा आहे, ठरवलं तर वेळेत कामही होतं. मग शाळेच्या रस्त्यासाठीच ते का ठरत नाही?

आणि ट्रॅक बांधतात तेही कुठे, तर जिथे रस्ता आधीच रुंद आहे तिथे, कारण टेंडर काढायला सोपं जातं. शाळा असते आतल्या गल्लीत. ट्रॅक शाळेपर्यंत पोचतच नाही. बसथांब्यापाशी नाहीतर एखाद्या पुलाच्या तोंडाशी अचानक संपतो आणि सायकलवरच्या मुलाला थेट वाहनांत ढकलतो. वर पेव्हर ब्लॉक, दोन पावसाळ्यांत उखडलेले. साधी गोष्ट आहे: सुरुवात शाळेच्या गेटपासून करा आणि मुलं जिथे राहतात तिथपर्यंत जोडत या. हे उलट्या बाजूने का करतात हे मला आजपर्यंत कोणी सांगू शकलेलं नाही.

वाट नाही म्हणून पालक गाडी काढतात. मग शाळेच्या गेटसमोर सकाळी गाड्यांचा चिखल होतो, कोणी उलट दिशेने घुसतो, कोणी मधेच दार उघडतो, आणि जी चार मुलं अजून चालत येतात त्यांचाही रस्ता बंद. मग त्यांचेही पालक घाबरून स्कूटर घेतात. दरवर्षी हे वाढतंय. पॅरिसने शाळांसमोरचे रस्तेच वाहनांना बंद केले, एक-दोन नाही, शेकड्यांनी. त्यासाठी उड्डाणपूल लागत नाही. सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास दोन अडथळे लावायला इथेही काही लागत नाही.

देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातली जवळपास ३३ हजार पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळा नसलेला फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग. आता आणखी कोणी सांगायचं राहिलंय?

मला नवा आराखडा नको, सल्लागार नको, उद्घाटनाची फीत नको. प्रत्येक शाळेभोवती अर्ध्या किलोमीटरचा नकाशा काढा, मुलं कुठून येतात ते शिक्षकांना विचारा, आणि त्या वाटेला एक अधिकारी जबाबदार धरा, ज्याचं नाव आणि फोन नंबर शाळेच्या फळ्यावर असेल. डीपी असो, चेंबर असो, बॅरिकेड असो, सहा खात्यांशी भांडण त्याने करायचं, मी नाही. पावसाळ्याआधीची खोदाई दरवर्षी शाळा उघडायच्या तोंडावर येते आणि मुलं जूनमध्ये मुरूम टाकून बुजवलेल्या चरांवरून घसरत जातात. तेव्हा शाळेच्या रस्त्यांची खोदाई सुट्टी लागल्या लागल्या उरका. आणि आमच्या चौकातलं ते बॅरिकेड उद्या काढा. त्याला ना बजेट लागतं ना अभिप्राय.