पांढऱ्यावर पांढरं

लातुरात तुमची डाळमिल आहे, वेबसाइटही आहे, आणि गूगलवर ‘लातूर तूरडाळ’ टाकलं की तुम्ही सोडून सगळे दिसतात. घाबरू नका. चूक गूगलची आहे. ते सारखं बदलतं. दिल्या शब्दाला जागायची रीतच नाही त्याच्याकडं.

तुम्ही मात्र जागा. पानाच्या तळाशी ‘तूरडाळ, स्वस्त तूरडाळ, लातूरची तूरडाळ’ असं २०० वेळा लिहा. अक्षरं पांढरी, मागची जागाही पांढरी. आपले आजे-पणजे पांढऱ्यावर काळं करून गेले, आपण पांढऱ्यावर पांढरं करू. गिऱ्हाइकाला दिसत नाही, गूगलला दिसतं. (घात तिथंच होतो, पण ते सोडा.) मग हाच नामजप कीवर्डच्या टॅगात, म्हणजे पानाच्या कोडात शोधशब्द लिहायच्या छुप्या जागेत, भरा. क्रमवारी लावताना हा टॅग आपण बघतच नाही, असं गूगलनं २००९ मध्येच सांगून टाकलंय. देव तरी कुठं उत्तर देतो? म्हणून जप सोडला का कुणी?

पुढं लिंका विकत घ्या, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून तुमच्याकडं येणाऱ्या वाटा. आपल्या गंजगोलाईच्या बाजाराला १६ रस्ते येऊन मिळतात, तर केवढा व्यापार चालतो! तुम्ही १६ हजार आणा. कुठल्या तरी परदेशी टायरवाल्याच्या पानावरून थेट तुमच्या डाळीकडं रस्ता, काय वाईट आहे? २०११ मध्ये गूगलच्या क्रमवारीत ‘पांडा’ नावाचं अपडेट आलं आणि पोकळ मजकुराची पानं खाली घसरली. २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आलं, त्यानं विकतच्या लिंकावाल्यांना धरलं. पण मला सांगा, पांडा आणि पेंग्विन, ही जनावरं मराठवाड्यातला मे महिना काढतील का?

आता नावांचा घोळ. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. लोक जुनं नावही टाकतात, नवंही. साधा माणूस एकाच पानावर दोन्ही नावं लिहून मोकळा होईल. तुम्ही साधे नाही आहात. मराठवाड्यात ७६ तालुके आहेत. एआयला सांगा, तालुक्यागणिक एक पान काढून देईल. भूमची डाळ, भोकरची डाळ, सेलूची डाळ. मजकूर तोच, गाव तेवढं वेगळं. रँकिंगसाठी अशी ढिगानं पाडलेली पानं स्पॅम धरू, असं गूगलनं मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं. करू द्या. आपण ढीग मोजत नाही, ढीग घालतो.

पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशीही त्यांची अपेक्षा आहे. अडीच सेकंद! आडतीवर आलेल्याला ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हणायलाच तेवढे जातात. तेव्हा आधी गणपती फिरवा, मग आजोबांचा फोटो, मग उद्घाटनाचा आख्खा व्हिडिओ, त्यात पुढाऱ्याचं भाषण. मोबाइलवर बोटानं आडवं सरकवत बघू द्या लोकांना.

शिवाय ऑगस्ट २०२४ पासून आपल्याकडंही कित्येक प्रश्नांना गूगलचं एआय वरच्या वर उत्तर देऊन टाकतं. म्हणजे पान कुणी उघडलं नाही, तर आता सांगायला कारणही आयतं आहे.

आजचा भाव तेवढा चुकूनसुद्धा वेबसाइटवर टाकू नका. ‘भावासाठी संपर्क करा’ असं लिहा, आणि खाली बंद पडलेल्या सिमचा नंबर. गिऱ्हाईक झक मारत मिलच्या फाटकावर येईल. तिथं मुनीमजींनी सकाळीच खडूनं पाटी लिहून ठेवलेली असते. काळ्यावर पांढरं.