लिलावाला द्यायचंय ना? मग चित्राला हात लावू नका!

आज नौपाड्यात, पुनर्विकासाला निघालेल्या एका इमारतीत, १९६०च्या आसपासचं अमूर्त तैलचित्र बघितलं. त्यातलं जे उरलंय ते. लिलावात जाणार म्हणून फ्रेमवाल्याने ते ओल्या फडक्याने पुसलं, वर चकचकीत व्हार्निश मारलं, कॅनव्हास ताणून धरणारी मागची जुनी लाकडी चौकट काढून नवी ठोकली आणि वर पैसेही घेतले!

अरे, कॅनव्हासवर रंगाखाली सरसाचा, म्हणजे प्राणिज गोंदाचा, थर असतो. भेगेतून पाणी शिरलं की तो फुगतो, सुकताना आकसतो आणि रंगाची खपली सुटते. त्यात झिंक व्हाइट हा पांढरा रंग असेल तर ते तेलात आधीच ठिसूळ झालेलं असतं. धूळच काढायची तर सुका मऊ ब्रश, तोही तिरप्या उजेडात रंग कुठे उचललाय का ते बघून. बटाटा, पाव, थुंकी हे घरगुती उपाय चुलीत घाला.

आणि व्हार्निश! अमूर्त चित्रात नाक-डोळे नसतात, पृष्ठभाग हाच सगळा ऐवज. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर फिरवायचे, सुरीने रंग खरवडायचे. मंद भागाशेजारी चमकता भाग मुद्दाम ठेवलेला असतो. सरसकट चमक आली की तो फरकच गेला. २०१३च्या डिसेंबरात मुंबईत त्यांच्या एका चित्राला २३.७ कोटी आले, ते काय चकाकीला?

धुळकट चित्र भिंतीवर बरं दिसत नाही, मान्य. ज्यांचं हे चित्र, त्या आजी म्हणाल्या, "बघायला माणसं येणार होती ना, म्हणून केलं हो." यावर काय रागावणार? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पण नौपाड्यातली ती जुनी चौकट डोक्यातून जात नाही. जाणकार आधी चित्राची पाठ बघतो: गंजलेले खिळे, प्रदर्शनाची चिठ्ठी, सही. इथे चौकटीवर दुमडून खिळे मारलेली कॅनव्हासची कडाही कापलीय, म्हणजे जुन्या कॅटलॉगमधल्या मापाशी चित्र आता जुळायचं नाही.

व्हार्निश कदाचित निघेलही, पण ते संवर्धकाचं काम. तो आधी कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने द्रावण लावून बघतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. तोवर चित्र ओलीच्या भिंतीला टेकवू नका. चारही कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावा, हवा खेळू दे.

आणि आजी, ती चौकट अजून फ्रेमवाल्याच्या दुकानामागे पडली असेल तर राडारोड्याचा टेम्पो यायच्या आत उचलून आणायला सांगा. चिठ्ठी सोलू नका, तशीच राहू दे.