लिंकनसमोरच्या हौदाचं उदाहरण देऊन मामा तलावात काँक्रीट ओतायला सांगू नका

आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या गावागावाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे. वॉशिंग्टनच्या लिंकन मेमोरियलसमोरच्या लांबलचक पाण्याचा फोटो, आणि खाली लिहिलं आहे की हा तलाव 100 वर्षांपूर्वीचा, तळाला काँक्रीट म्हणून एक थेंब मुरत नाही, पाणी कायम आरशासारखं, एकदा खर्च केला की पुन्हा पाहायचं काम नाही, तर आपल्या मामा तलावांनाही, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या माजी मालगुजारी तलावांनाही, असंच काँक्रीट मारा. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, ऐन निसवणीत, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, धान सुकताना पाहिलेली माणसं आहेत ती. पण मेसेजमधलं 100 वर्षं सोडलं तर काहीच बरोबर नाही.

थेंब मुरत नाही म्हणे. अरे, तो 1922-23 मध्ये बांधला तोच पोटोमॅक नदीचा गाळ टाकून तयार केलेल्या जमिनीवर, ती जमीन दबत गेली, तळ खचला आणि गळती लागली. दुरुस्तीच्या आधी गळती आणि बाष्पीभवन मिळून आठवड्याला सुमारे 5 लाख गॅलन, म्हणजे जवळपास 19 लाख लिटर पाणी जायचं आणि ते भरायला शहराचं पिण्याचं पाणी सोडायचे.

पुन्हा पाहायचं काम नाही, हेही खोटं. 2010 च्या शेवटी काम काढलं ते 31 ऑगस्ट 2012 ला संपलं, खर्च जवळपास 3 कोटी 40 लाख डॉलर. जुना तळ उखडला, दोन हजारांवर लाकडी खांब जमिनीत ठोकले, त्यावर नवीन काँक्रीट टाकलं, आणि पिण्याच्या पाण्याऐवजी जवळच्या टायडल बेसिन या जलाशयाचं पाणी आणून, गाळून, शेवाळ मारायला ओझोन वायू देऊन फिरवत ठेवायची यंत्रणा बसवली. एवढं करून काही आठवड्यांतच शेवाळानं पाणी हिरवं झालं, साफ करून ओझोन वाढवावा लागला. 2017 मध्ये तर गोगलगायींमधून पसरणाऱ्या परजीवीनं 80 च्या आसपास बदकं मेली आणि हौद पुन्हा रिकामा करावा लागला. आरसा राखायला कायम माणूस आणि मशीन लागते.

आणि मूळ गोष्ट, तो पाणी साठवायला बांधलेलाच नाही. मेमोरियलचे वास्तुकार हेन्री बेकन यांच्या डिझाइनमध्ये त्याचं काम एकच, एका बाजूनं मेमोरियल आणि दुसऱ्या बाजूनं वॉशिंग्टन स्मारकाचा उंच स्तंभ पाण्यात दिसला पाहिजे. म्हणून सहाशे मीटरच्या वर लांब, पन्नासेक मीटर रुंद, पण पाणी जेमतेम गुडघ्या-मांडीएवढं. दुरुस्तीत काँक्रीटला गडद रंग दिला तोही प्रतिबिंब ठसठशीत दिसावं म्हणून. 28 ऑगस्ट 1963 ला मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण ऐकायला अडीच लाख माणूस तिथं जमला होता, त्या जागेवर त्यांनी खर्च केला ते योग्यच केलं.

आपला मामा तलाव हा धानासाठी आहे. पावसाळ्यात भरायचा, पावसानं दडी मारली की धानाच्या बांध्यांना पाणी द्यायचं, उन्हाळ्यात पाणी उतरत जायचं. त्यात थोडं मुरतं तेच खालच्या विहिरींना जातं, ते वाया गेलं असं कसं म्हणता? बाष्पीभवन तर काँक्रीटनं थांबतच नाही, ऊन वरून पडते. तळाच्या चिखलात देवधान उगवतं, कमळकंद निघतात, मासे त्यावर जगतात, आणि त्या माशांवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरं चालतात, ते सगळं एका स्लॅबखाली गाडायचं का? शिवाय गाळ तर दरवर्षी येणारच, मग तो काढायला जेसीबी उतरवला की तेच काँक्रीट फुटणार. आज तोच गाळ शेतकरी ट्रॅक्टर लावून शेतात नेतात, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना त्याच्यासाठीच आहे.

पाणी टिकत नाही ही तक्रार खरी आहे, पण कारण पाहा ना. 1950 नंतर मालगुजारी, म्हणजे जमीनदारांनी गावाचा सारा गोळा करायची पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले आणि बऱ्याच ठिकाणी देखभाल सुटली. गाळानं पोट भरलं, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, झाडं वाढून मुळांनी भेगा पडल्या, गेट गळतात, पाणी आणणारे नाले अतिक्रमणानं बुजले, बेशरमच्या झुडपांनी काठ व्यापला. ग्रामसभेत ठराव घ्यायचा असेल तर काँक्रीटचा घेऊ नका, आधी पाळ आणि गेटच्या दुरुस्तीचा घ्या, आणि तो उन्हाळ्यातच घ्या, कारण पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली की तलावात उतरून काम करता येत नाही.