एक सूत इकडे, एक महिना तिकडे

पॅसेजमधल्या भिंतीवर एक घड्याळ लावायचं होतं. एवढंच. पुढे त्यात बाथरूमच्या फरशा, नळ, गीझरची पाइपलाइन आणि माझी एक मुदत ठेव असं सगळं वाहून गेलं, पण सुरुवात घड्याळापासून झाली हे आधी नमूद करून ठेवतो. आमच्या घरात हल्ली ‘सुरुवात कुणी केली’ यावरच जास्त चर्चा होते.

खिळा ठोकून पाहिला होता. कोथरूडमधली आमची इमारत १९९१ सालची. तिच्या भिंतींना खिळा मान्य नाही. पहिला वाकला, दुसरा उडून चपलांच्या रॅकमागे गेला, तिसऱ्याबरोबर पापडाएवढा गिलावा खाली आला. बायको म्हणाली, “कुणाला तरी बोलाव.” हे वाक्य आमच्या घराण्यात अपमानास्पद समजलं जातं. माझ्या वडिलांनी रेडिओ स्वतः उघडला होता. तो पुन्हा वाजला नाही हा भाग वेगळा.

त्यात खंडेनवमी तोंडावर आली होती. दरवर्षी आमच्याकडे शस्त्रपूजेला एक कात्री, एक टेस्टर आणि लेकीचा लॅपटॉप असतो. यंदा पाटावर खरं हत्यार हवं, असा विचार करून मी सेलमधून ड्रिल मशिन मागवलं. तेरा मिलिमीटरचा चक, म्हणजे बिट धरणारा जबडा, सोबत शंभर नगांची पेटी. शंभर नग म्हटल्यावर माणूस हुरळतो. उघडून मोजले, तर त्यातले ऐंशी स्क्रू आणि स्क्रूआधी भोकात बसवायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या निघाल्या. म्हणजे लग्नाच्या यादीत ‘पन्नास भांडी’ लिहावीत आणि त्यात चमचे मोजावेत तसं.

पूजा झाली, हळदकुंकू वाहिलं आणि पुढच्या रविवारी दुपारी बाराला मी भिंतीसमोर उभा राहिलो. मशिनवर दोन चित्रं होती, एक बिटाचं, एक हातोडीचं. मला भोक पाडायचं होतं, खिळा ठोकायचा नव्हता, म्हणून मी बिटाचं चित्र निवडलं. हे तर्कशास्त्र आजही मला बिनतोड वाटतं. बिटांमध्ये काही मळकट राखाडी होते, काही सोन्यासारखे चकचकीत. पहिलंच काम, म्हणून सोनेरी घेतला.

भिंतीत तो जेमतेम सरकत होता. मी अंगाचा भार टाकला. धूर आला, जळका वास आला, बिटाचं टोक निळं पडलं. मग एकदम आवाज बदलला आणि बिट आनंदाने आत शिरला. परक्या गावात कुणाला आपलं माणूस भेटावं तसा. बाहेर काढला, तर मागोमाग पाणी आलं. आधी बारीक धार, मग माझ्या चष्म्यावर कारंजं.

त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. तीस वर्षं तिथेच अंघोळ करतोय. पण एकाच भिंतीला दोन बाजू असतात हा मुद्दा त्या दुपारी लक्षात आला नाही.

गच्चीवरचा कॉक बंद करायला गच्चीची किल्ली हवी होती. ती सेक्रेटरींकडे. त्यांनी आधी गच्चीवर जाण्याचं कारण विचारलं, मग कोणत्या विंगचा कॉक ते विचारलं, मग वहीत सही घेतली. तोवर खालच्या मजल्यावरचे नाना वर आले होते. त्यांच्या देवघराच्या छताला ओल दिसू लागली होती.

अशा रीतीने आप्पा आमच्या आयुष्यात आले.

आप्पा कॉन्ट्रॅक्टर. शर्टच्या खिशात टेप, कानाला चपटी पेन्सिल. आल्या आल्या त्यांनी बाथरूमच्या फरशांवर बोटाच्या पेराने टकटक केली, डॉक्टर छातीवर करतात तशी, आणि चेहरा डॉक्टरांसारखाच केला. मग माझा निळा पडलेला बिट उजेडात धरला.

“साहेब, हा लोखंडाचा बिट. भिंतीचा हा.” त्यांनी मळकटांपैकी एक उचलला. त्याच्या टोकाला टोपीसारखा एक जाडसर तुकडा बसवलेला होता. “हा कार्बाइड. हा विटेला ठोकून फोडतो. तुम्ही ठोकणं बंद ठेवलं, बिट लोखंडाचा घातला आणि आत लागला जीआय, म्हणजे लोखंडाचाच पाइप. मग तो जाणारच. तुम्ही त्याला त्याचंच काम दिलं.”

“पण पाइप नेमका तिथेच कसा?”

“नळ पलीकडे कुठंय?”

नळ बरोबर त्याच रेषेत होता. पाइप आणि वायर नळापासून, स्विचपासून बहुतेक सरळ वर, खाली किंवा आडवे जातात. त्या रेषेत भोक पाडायचं नाही. हा आप्पांचा पहिला धडा, आणि तो मला साधारण दोन लाखांना पडला. कारण पाइप आतून सडलेला निघाला. एक भोक बुजवलं तर पाणी उद्या दुसरीकडून वाट काढणार, असं त्यांचं म्हणणं. फरशा फोडायच्या, जुने पाइप काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे टाकायचे, वॉटरप्रूफिंग नव्याने.

“किती दिवस?”

“पंधरा दिवस धरून चला. दिवाळीचं अभ्यंगस्नान नव्या बाथरूममध्ये.”

मी धरून चाललो.

आप्पांच्या बाबतीत एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. हा माणूस दारातून आत येता येता म्हणाला, “चौकट वरच्या अंगाला एक सूत बाहेर आहे.” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम तीन मिलिमीटर. मी नंतर ओळंबा लावून पाहिलं. तंतोतंत एक सूत. नजरेने तीन मिलिमीटर ओळखणाऱ्या या माणसाचा ‘उद्या सकाळी’ मात्र गुरुवारी संध्याकाळी उजाडायचा. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही मापांत देवमाणूस. चौथ्या मापाला त्यांच्याकडे टेपच नव्हता.

पहिल्या दिवशी फोडायला ब्रेकर आला. तो त्यांनी भाड्याने आणला होता. यावर त्यांचं मत ऐकण्यासारखं आहे. महिन्यातून एकदा लागतं ते हत्यार विकत घ्यावं, वर्षातून एकदा लागतं ते भाड्याने आणावं, आणि आयुष्यात एकदा लागतं त्याच्यासाठी माणूस बोलवावा. माझं ड्रिल यातल्या कुठल्या खणात बसतं हे मी विचारलं नाही.

सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी फळ्यावर सूचना लावली. ‘राडारोडा लिफ्टमधून नेऊ नये. जिन्यातून नेल्यास जिना पुसून घ्यावा. दुपारी १ ते ४ काम बंद ठेवावे. आपण केलेला आवाज इतरांनाही ऐकू येतो.’ नाव कुणाचंच नव्हतं. बाण मात्र काढला होता.

काम चालू असलं की आप्पा शिकवायचे. मी सकाळी दहापासून चहाचा कप घेऊन दारात उभा असायचो, त्यामुळे विद्यार्थी तयार होताच. ड्रिल चालवताना हातमोजे घालायचे नाहीत, फिरता बिट मोज्याचा धागा पकडतो आणि बोटासकट गुंडाळतो. चकची चावी काढल्याशिवाय बटण दाबायचं नाही, ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. एक्स्टेंशनचं वेटोळं पूर्ण सोडायचं, गुंडाळलेली वायर लोड आला की तापते. ग्राइंडरचं गार्ड कधीही काढायचं नाही. आणि ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावणारा माणूस दिसला, तर त्याच्याशी बोलत बसायचं नाही, लांब व्हायचं. पातं अडकलं की मशिन उलटं अंगावर येतं.

हे शेवटचं सांगत असताना त्यांच्या मागे त्यांचाच मिस्त्री रबरी चपला घालून, गार्ड काढलेला ग्राइंडर हातात घेऊन फरशी कापत होता. डोळ्यांवर गॉगल नव्हता, तोंडात गुटखा होता. मी नुसतं बोट दाखवलं. आप्पा वळले आणि त्यांनी अर्धा मिनिट जी मराठी वापरली ती मी इथे देत नाही. गार्ड बसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालं. गार्ड असलं की कड दिसत नाही, असं मिस्त्रीचं म्हणणं. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख कुठे गेलं, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

एक दिवस त्यांनी मला यादी देऊन रविवार पेठेत पाठवलं. बोहरी आळीत गाडी लावायला जागा मिळणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. दुकानदाराने यादी वाचली. “गिट्टी आठ मिलिमीटरची. कशासाठी?”

“भिंतीसाठी.”

“ते कळलं. लटकवायचंय काय? गीझर? टीव्ही?”

“घड्याळ.”

दुकानातली दोन-तीन माणसं माझ्याकडे वळून बघू लागली. “मग सहाची घ्या,” तो म्हणाला. “आणि सहाच्या गिट्टीला बिट पण सहाचाच. लोक गिट्टी सहाची नेतात, भोक आठचं पाडतात, मग गिट्टी स्क्रूबरोबर गोल फिरते आणि आमच्या मालाला नावं ठेवतात.”

या गिट्टीला आमचे सुतार ‘रावळ प्लग’ म्हणायचे. लहानपणापासून मला वाटायचं की देवळा-रावळातलाच हा रावळ, पूर्वी देवळात समया टांगायला वापरत असतील. आप्पा न आलेल्या एका दिवशी (असे दिवस वाचनाला चांगले) मी शोधलं, तर हा रावळ निघाला लंडनचा. जॉन रॉलिंग्ज नावाचा कॉन्ट्रॅक्टर. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवायची, पण भिंतींची नासधूस करायची नाही, असं काम त्याला मिळालं होतं. त्याने १९११च्या सुमारास ताग आणि जनावराचं रक्त यांची चिकटवलेली नळी केली, ती भोकात घातली आणि स्क्रू पिळला की ती फुगून भिंतीला धरते. नायलॉनची गिट्टी पुढे १९५८मध्ये जर्मनीतल्या आर्टुर फिशरने काढली. मला थक्क केलं ते रक्ताने नाही. भिंत खराब होऊ नये म्हणून रात्री विचार करत बसलेला कॉन्ट्रॅक्टर जगात होऊन गेला, याने.

हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “म्युझियमवाले पेमेंट वेळेवर देत असतील.”

दिवाळी आली तेव्हा बाथरूममध्ये संक, म्हणजे फरशीखालचा खोलगट भाग, उघडा होता, आणि माणसं गावाला गेली होती. तुळशीच्या लग्नापर्यंत येणार नव्हती. संडास वेगळा होता म्हणून अब्रू राहिली. अभ्यंगस्नान नानांकडे झालं. पहाटे पाच वाजता उटण्याची वाटी, टॉवेल आणि आमचीच बादली घेऊन आम्ही तिघं जिना उतरलो. नानांनी वेळापत्रक केलं होतं, माणशी बारा मिनिटं. देवघरावरची ओल बोलता बोलता दोनदा दाखवली.

नंतर काम नीट झालं, हे कबूल करायला हवं. विटांचे तुकडे भरून कोबा झाला, उतार दिला, दोन दिवस पाणी कोंडून ठेवलं, आणि नानांच्या छताला टिपूसही आला नाही. नव्या फरशीत टॉवेल रॉडची भोकं आप्पांनी स्वतः पाडली. खुणेवर मास्किंग टेप चिकटवला, हॅमर बंद केला, भाल्यासारख्या टोकाचा बिट लावून मशिन अगदी सावकाश फिरवलं. फरशी संपून भिंत लागल्याचं हाताला कळलं तसा बिट बदलला आणि हॅमर चालू केला. तडा नाही, टवका नाही. मी विचारलं, एवढ्या कामाला तुमचं मोठं मशिन का नाही? तर म्हणाले, तुमच्या हॅमरमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात, आमच्यात पिस्टन मारतो. कॉलमला तो पाहिजे. फरशीला तो दाखवायचा पण नाही.

पंधरा दिवसांचे त्रेपन्न झाले.

आप्पा गेल्यावरच्या रविवारी मी घड्याळ लावायला घेतलं. जागा बदलली होती. नळाच्या रेषेत नाही, स्विचच्या वर नाही. पेन्सिलने फुली मारली. सहाचा मळकट बिट, हातोडीचं चित्र. गिट्टीच्या लांबीइतकं मोजून बिटावर चिकटपट्टीची खूण केली. फुलीच्या खाली एका लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट उघडं करून चिकटवलं, धूळ त्यात पडावी म्हणून. ही आप्पांची युक्ती. वधू-वरांच्या नावांवर विटेची लाल भुकटी पडू लागली. बिट लोण्यात जावा तसा गेला. गिट्टी बोटाने अर्धी आणि हातोडीच्या दांड्याने पूर्ण बसली. बायको बघत होती. मी मुद्दाम वळून पाहिलं नाही.

स्क्रू पिळतोय तोच बेल वाजली. दारात नाना, बनियनवर. “किती वाजले?”

मी फ्रिजवर ठेवलेल्या घड्याळाकडे पाहिलं. “पाऊण वाजतोय, नाना.”

“एक वाजून दहा मिनिटं झालीत,” ते म्हणाले.

दोन महिने पडून त्याचा सेल उतरला होता.

नाना आत आले. त्यांनी स्क्रू हलवून पाहिला, पाकिटात डोकावले, कुणाचं लग्न ते वाचलं, टेबलावरचं मशिन उचलून वजन घेतलं. “आमच्या देवघरात एक फळी बसवायची आहे,” ते म्हणाले. “विटेचीच भिंत आहे.”

“आत्ता येऊ?”

“आत्ता?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच मशिन खाली ठेवलं. “चारनंतर या. आमच्या घड्याळात चार.”