साईज तीच आहे ना मालक!

चार टायर. फक्त चार टायर बदलायचेत मला, आणि दोन महिने झाले, गाडी अजून सोलापुरात अक्कलकोट रोडला माझ्या टॉवेल कारखान्याच्या शेडमध्ये जॅकवर उभी आहे. आज परत दुकानात भांडून आलोय, डोकं फिरलंय, म्हणून सगळं लिहून काढतोय.

गाडी म्हणजे दोन दरवाजांची, मागच्या चाकांना पॉवर असलेली सेकंड हँड स्पोर्ट्स कार. नऊ वर्षं टॉवेलच्या धंद्यात राबलो तेव्हा घेतली. कंपनीकडनं आलेले टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा पूर्ण गेली तरी ८० च्या स्पीडनं ८० किलोमीटरपर्यंत गाडी नेता येते, आणि तेवढा भार पेलायचा म्हणून त्याची साईडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, दगडासारखी कडक केलेली असते. तिकडच्या गुळगुळीत रस्त्यावर ठीक असेल हो. इथं आमच्या होटगी रोडला, आसऱ्याला, पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर आणि पाईपलाईनसाठी उकरून अर्धवट बुजवलेले चर, त्यावर प्रत्येक हादरा सरळ मणक्यात. त्यात उन्हाळ्याला पारा ४३-४४, वर्षानुवर्षं असं भाजून रबर पार लाकूड झालेलं. गेल्या जूनमध्ये मोहोळच्या अलीकडं पहिला पाऊस लागला, स्पीड फक्त सत्तर होता, बायको शेजारी, आणि गाडीची मागची बाजू सटकन डावीकडं गेली. सावरली कशीतरी, पण त्या दिवशी ठरवलं की आता हे टायर नकोत, चांगले मऊ, पावसात पकडणारे साधे परफॉर्मन्स टायर टाकायचे, आणि स्टेपनी नाही म्हणून पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप डिकीत ठेवायचा. एवढं साधं काम.

टायरची साईज पुढं २२५/४५ आर १८, मागं २५५/४० आर १८, म्हणजे रुंदी मिलीमीटरात, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यात आणि रिम इंचात. आता आकडे वेगळे दिसतात पण बाहेरचा व्यास काढला तर दोन्ही साधारण ६६० मिलीमीटर येतात, मुद्दामच तसं जुळवलेलं असतं. पहिला दुकानदार म्हणतो, मागचा साईज मिळत नाही, २४५/४५ टाकू. मी तिथंच मोबाईलवर हिशोब करून दाखवला, व्यास ६७८ च्या जवळ जातोय, पुढच्या मागच्या चाकात पावणेदोन सेंटीमीटरचा फरक, एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारं) चाकांच्या फिरण्यावरच अंदाज बांधतात, त्यांना वाटणार काहीतरी बिघडलंय. तर तो म्हणतो, "मालक, पावणेदोन सेंटीमीटरनं काय होतंय?" अहो, व्हायचं ते पावसात होतं, आणि तेव्हा तुम्ही गाडीत नसता!

दुसऱ्यानं ऑर्डर घेतली. चाळीस हजार ॲडव्हान्स. दोन आठवड्यात येतील म्हणाला, सहा लागले. कधी फोन केला की एकच, बाहेरच्या टायरवर बंदी आहे. बंदी नाही, जून २०२० पासून आयातीला लायसन्स लागतं, हे मला माहीतय, आणि ते ॲडव्हान्स घेताना तुम्हाला पण माहीत होतं की. वर कोटेशनमध्ये जीएसटी २८ टक्के लावलेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरचा जीएसटी १८ झालाय, मी स्वतः महिन्याला रिटर्न भरणारा माणूस, मला हे शिकवायलेत. दाखवल्यावर "सिस्टीमला जुना रेट होता" म्हणून नवीन कोटेशन काढलं. नसतं दाखवलं तर?

शेवटी टायर आले. मी डिस्पॅचच्या गडबडीत होतो, म्हणून कारखान्यातल्या पोराबरोबर टेम्पोतनं चाकं पाठवली आणि फोन करून दोनदा सांगितलं की मी आल्याशिवाय हात लावू नका. पोचलो तर तीन बसवून झालेले.

वाकून साईडवॉल बघितली. त्यावर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. पुढच्या दोन्हींवर ४५२५, म्हणजे नोव्हेंबर २०२५ चे, बरोबर. मागच्या एकावर ३१२२. ऑगस्ट २०२२! एकाच ॲक्सलवर एक सहा महिन्याचा टायर आणि एक पावणेचार वर्षं कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडलेला, आणि बिल दोन्हीचं नवीन म्हणून. दुसरं, मी मागितलेला ९५ वाय, म्हणजे ६९० किलोचा भार आणि ताशी ३०० किलोमीटरचं रेटिंग. मागचे दोन्ही आलेले व्ही, २४० चे. विचारलं तर हसतो, "सोलापुरात कुठं तीनशेनं पळवणार मालक?" कोण पळवतंय तीनशेनं! रेटिंग म्हणजे फक्त स्पीड नाही, तो टायर उष्णता किती सहन करतोय त्याचं माप आहे ते, आणि मे महिन्यात भर दुपारी पुणे हायवेला डांबर हाताला लावून बघा, मग सांगा उष्णतेचं माप कुणाला लागतं.

तिसरं तर बघून मला बोलायलाच सुचेना. टायरवर मोठ्या अक्षरात "आउटसाईड" लिहिलेलंय. ती बाजू बाहेर यायला पाहिजे, कारण बाहेरच्या खांद्याचे ठोकळे वळणावर गाडी धरतात आणि आतले चर पाणी बाहेर फेकतात. पुढच्या एका चाकाला ती बाजू आत! त्या चाकाचा हवेच्या प्रेशरचा सेन्सर मोडलेला, आणि रिमच्या कडेला टायर बसवायच्या लोखंडी पट्टीनं ओढलेला चार बोटांचा ओरखडा. मोडलेला सेन्सर दुकानातल्या पोरानं काढून टेबलावर ठेवला होता, स्क्रूसारखा.

आणि दुकानाचा मालक काय म्हणतो? "साईज तीच आहे ना? हवा राहतीय, गोल फिरतंय, अजून काय पाहिजे?"

हे वाक्य दोन महिन्यात मी किती जणांकडनं ऐकलं असेल. साईज तीच आहे ना. अरे, मी टॉवेल करतो! ३० बाय ६० चा टॉवेल, पार्टीनं ५०० जीएसएम (चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजन) सांगितला आणि मी ४०० चा भरला, तर साईज तीच आहे ना? घडी तशीच पडतीय, हेमिंग तसंच, पॅकिंग तसंच. पार्टी वजनकाटा काढते आणि अख्खा लॉट परत पाठवते, डेबिट नोट वेगळी. आमच्या सोलापुरी टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे तो काय नुसत्या लांबी-रुंदीवर मिळाला का? याच गावात लूमवरचा माणूस नुसता हात फिरवून सूत कुठलं ते सांगतो, आणि याच गावात ८६ हजाराचा माल घेताना मी तारीख विचारली तर मीच किरकिऱ्या गिऱ्हाईक. टॉवेल खराब निघाला तर अंग पुसायला वेळ लागेल. टायर खराब निघाला तर? चार तळहाताएवढ्या रबरावर दीड टनाची गाडी आणि आतली माणसं असतात हो.

घरी पण तेच. मामा म्हणतात एवढ्यात एक स्कूटर आली असती. मित्र म्हणतो, लका, गाडी विक आणि एसयूव्ही घे, सोलापूरला असल्या गाड्या नाहीत. का नाहीत? रोड टॅक्स मी भरला नाही का?

आज तिथं तासभर उभा राहिलो. ३१२२ चा टायर परत घ्यायला तयार आहे पण बसवलेला आहे म्हणून दहा टक्के कापणार म्हणतोय. बसवला कोणी? मी? सेन्सरचं नावच काढत नाही. लेखी द्या म्हटलं तर पेन सापडेना. मी तिन्ही साईडवॉलचे, रिमचे आणि बिलाचे फोटो काढलेत, सोमवारी ग्राहक आयोगाचा अर्ज भरायला वकील काकांकडं जाणार आहे, दहा टक्के सोडा, एक रुपया सोडणार नाही.

रविवारी माल घेऊन टेम्पो पुण्याला निघतोय. चारी चाकं टॉवेलच्या गठ्ठ्यांमध्ये घालून नेतोय, अडीचशे किलोमीटर. तिथल्या दुकानदाराला फोनवर आधी डॉट कोड वाचून दाखवायला लावलाय, चारही टायरचा. जूनच्या आधी गाडी जॅकवरनं खाली आली पाहिजे.