खुलासा : रशियाच्या ‘अवकाशातल्या अणुबॉम्ब’चा मेसेज

‘रशियाने अवकाशात अणुबॉम्ब नेऊन ठेवलाय, तो कुठल्याही शहरावर पडू शकतो, अमेरिका दडवतेय’ असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

१४ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष माइक टर्नर यांनी ‘राष्ट्रीय सुरक्षेला गंभीर धोका’ असल्याचं जाहीर केलं, पण तपशील दिला नाही. (असं अर्धवट बोललं की अफवांना ऊत येणारच!) दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसच्या जॉन किर्बी यांनी पत्रकारांना सांगितलं : रशिया उपग्रहविरोधी अस्त्र विकसित करतोय, ते तैनात झालेलं नाही आणि त्याने माणसांवर हल्ला किंवा पृथ्वीवर विध्वंस होऊ शकत नाही.

धोका आहे तो उपग्रहांना. १९६२ मध्ये अमेरिकेनेच सुमारे ४०० किमी उंचीवर अणुचाचणी केली, तेव्हा किरणोत्साराने अनेक उपग्रह निकामी झाले होते. १९६७ च्या करारानुसार अवकाशात अण्वस्त्रं ठेवायला बंदी आहे. तिचा पुनरुच्चार करणारा ठराव एप्रिल २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेत आला, तो रशियाने नकाराधिकार वापरून रोखला. तेव्हा शंकेला जागा आहेच, पण शहरावर बॉम्ब पडण्याची नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.