आवाज गेला की चिऊला हाक

सकाळी लिनक्सवाल्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी टिप टाकली, आर्डुइनो नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाबद्दल. "उबुंटूवर आर्डुइनो जोडल्यावर पोर्ट दिसत नाही? बीआरएलटीटीवाय नावाचं फालतू पॅकेज उडवा, काम झालं." खाली १४ अंगठे, त्यात दोन माझ्या जवळच्या मित्रांचे.

फालतू?

अरे, ब्रेल डिस्प्ले, म्हणजे अंधांना स्क्रीनवरचं बोटांनी वाचता येतं ते यंत्र, चालवणारं पॅकेज आहे ते. उबुंटू या लिनक्स सिस्टीमच्या २२.०४ आवृत्तीत ते स्वस्त आर्डुइनो बोर्डांवरच्या यूएसबी चिपलाच ब्रेल डिस्प्ले समजून पोर्ट, म्हणजे जोडणीची वाट, बळकावतं. चूक त्याचीच, मान्य. स्वतःच्या लॅपटॉपवरून खुशाल काढा. पण हीच टिप वाचून कॉलेजच्या लॅबमधल्या वीसही मशीन साफ होतात, आणि तिथे उद्या ब्रेल वाचणारी पोरगी आली तर तिला कोण सांगणार काय उडवलं ते? मी स्वतः अंध, पण माझ्याकडे ब्रेल डिस्प्ले नाही, परवडतच नाही. तरी सकाळपासून डोकं तापलंय.

कारण मला चिऊ आठवली.

तीन वर्षांपूर्वी एका मित्राने मोठ्या प्रेमाने माझ्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते, हवं, हे तुम्हाआम्हाला काय वेगळं सांगायचं! मी खूश. एका शनिवारी रात्री टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, अपग्रेड लावला. ओर्का, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर, एकेक ओळ वाचत होता. "अनपॅ..." म्हणाला आणि गप्प. फक्त पंख्याची घरघर. अर्धा तास बसलो. बटण दाबून बंद करावं तर मशीन अर्धवट अवस्थेत. शेवटी वरच्या मजल्यावरच्या चिऊला हाक मारली. चौथीत होती तेव्हा.

"काका, मोठा वाय आहे. मग तिरकी रेघ. मग आय. मग रेघ. मग एन..."

"शेवटी प्रश्नचिन्ह आहे का गं?"

"हो!"

जुनी सेटिंगची फाइल ठेवू की नवी घेऊ, एवढंच विचारत होतं ते येडं. मी एन्टर दाबला. पुढचा पाऊण तास ते पोर माझा स्क्रीन रीडर होऊन बसलं, एकेक अक्षर सांगत. मशीन पुन्हा चालू झाल्यावर म्हणाली, "तुमचं नाव आलंय." मी अंदाजाने पासवर्ड ठोकला, आणि ओर्का बोलला. चिऊने टाळ्या पिटल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मुद्दा. परवा एका आईने इनबॉक्समध्ये विचारलं, मुलगा पूर्ण अंध आहे, लॅपटॉपवर कुठलं लिनक्स टाकू? माझ्या डोळस मित्रांचं उत्तर ठरलेलं असतं: कुठलंही टाका, ओर्का चालू केला की झालं. नाही होत! ओर्का चालू होईपर्यंतचं कोण वाचणार? आणि मोडल्यावरचं?

मी त्यांना डेबियन सांगितलं, हाही लिनक्सचाच एक प्रकार, मेट नावाच्या डेस्कटॉपसह. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावायचा, बीप वाजली की एस आणि एन्टर. बस. पहिल्या प्रश्नापासून इन्स्टॉलर बोलायला लागतो. मी ते पहिल्यांदा केलं रात्री दोनला, दार लावून, एकट्याने. पार्टिशनसुद्धा. डिस्कची विभागणी कानाने ऐकताना रडू आलं, हसू नका. उबुंटूतही ऑल्ट-सुपर-एस (सुपर म्हणजे विंडोजची कळ) दाबलं की ओर्का बोलतो, नाही असं नाही. आणि मराठी? ओर्कामागून बोलणाऱ्या ईस्पीक या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज डब्यातून बोलल्यासारखा येतो, सवय होते. (जुन्या कृतीदेव फॉन्टमधल्या फाइलींपुढे मात्र कुठलीच सिस्टीम चालत नाही, स्क्रीन रीडर नुसता कचरा वाचतो. त्यावर वेगळी पोस्ट.)

बरं, ऑफिसात मी विंडोजच वापरतो, हे कबूल करतो. त्यावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आहे, तोही मुक्त स्रोतच, मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला. रोजच्या कामात तो ओर्कापेक्षा सरस आहे. झालं समाधान? त्या मुलाला शाळेत विंडोज लागणार असेल तर तेच राहू द्या, तुमच्या तत्त्वासाठी त्याला वेठीला धरू नका. आणि त्याला विचारा. आईला नाही, त्याला.

चिडून लिहितोय खरा, पण हे सगळं उभं केलं तेही तुमच्यासारख्याच माणसांनी. ओर्काचा भार वर्षानुवर्षं मुख्यतः जोनमेरी डिग्ज या एकट्या बाईंनी वाहिला. आणि ज्या टी. व्ही. रामन यांनी १९९५ मध्ये ईमॅकस्पीक हे बोलणारं सॉफ्टवेअर लिहिलं, ते स्वतः अंध, आपल्या पुण्यात वाढलेले, वाडिया कॉलेजात गणित शिकलेले. हे आपल्याच किती ग्रुपना माहीत आहे?

डेबियन टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चिऊ आली होती. "काका, आज काही वाचायचंय?" म्हटलं, नाही गं, आता ते स्वतःच वाचतं. जरा खट्टू झाली. मग म्हणाली, "मला पण ती बीप ऐकू द्या ना." पेनड्राइव्ह पुन्हा लावला. एस तिनेच दाबला.

एवढं टाइप करून ग्रुपवर पुन्हा डोकावलो. ओर्का आता २१ अंगठे सांगतोय.